शर्यत, औषध आणि नकाराचा हक्क

अमुक खेळाडू उत्तेजक द्रव्य घेताना सापडला, त्याचे पदक काढून घेतले, त्याच्यावर बंदी आली, अशी बातमी आली की आपण ‘बरे झाले, लबाडी उघडी पडली’ असे म्हणतो आणि पान उलटतो. ही लबाडी आहे याविषयी कुणाला शंका नसते. पण ती नेमकी कोणाशी झाली, तिच्यामुळे कोणाचे काय हिरावले गेले, असे कुणी विचारले तर मात्र आपण अडखळतो. आणि हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. कारण ही बंदीच निरर्थक आहे, ती उठवावी, असे म्हणणारी माणसे आज जगात आहेत आणि ती सगळीच धंदेवाईक नाहीत. त्यांच्यात विचारवंत आहेत, डॉक्टर आहेत. त्यांना उत्तर द्यायचे तर बंदी कशासाठी हे आधी आपल्यालाच नीट समजले पाहिजे.

त्यासाठी व्यावसायिक सायकल शर्यतीसारखे दुसरे उदाहरण नाही. टूर द फ्रान्स ही शर्यत १९०३ साली सुरू झाली. सुमारे तीन आठवडे, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर, वाटेत आल्प्स आणि पिरेनीजचे घाट. माणसाच्या शरीराला जे सोसवत नाही ते रोज उठून करायचे. १९२४ साली आल्बेर लाँद्र या फ्रेंच पत्रकाराला आँरी आणि फ्रान्सिस पेलिसिए या भावांनी आपल्या पिशव्या उघडून दाखवल्या होत्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय तऱ्हेतऱ्हेच्या गोळ्या. या सायकलपटूंना लाँद्रच्या लेखात रस्त्यावरचे सक्तमजुरीचे कैदी म्हटले गेले. औषध आणि मजुरी यांचे नाते असे पहिल्यापासूनचे आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

१९६६ साली टूरमध्ये पहिल्यांदा तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी सायकलपटू खाली उतरले आणि सायकली हातात धरून काही अंतर पायी चालले. शरीर आमचे आहे, त्यात काय घालायचे हे तुम्ही कोण ठरवणार, असा त्या निषेधाचा अर्थ होता. पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९६७ रोजी, माँ व्हाँतूच्या उघड्याबोडक्या चढावर टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू कोसळला आणि मरण पावला. तो २९ वर्षांचा होता. भयंकर ऊन होते, आणि शरीरात अँफेटामिन व मद्य सापडले. या मृत्यूनंतर बंदीच्या बाजूने पहिले आणि सर्वात सोपे उत्तर तयार झाले : औषधाने जीव जातो, म्हणून ते वर्ज्य.

हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. घाटाच्या उतारावर ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने जाताना पडूनही सायकलपटू मेले आहेत. मुष्टियुद्धात तर समोरच्याच्या मेंदूला इजा करणे हाच डाव असतो. हे धोके आपण चालवून घेतो. एका प्रौढ माणसाने समजून-उमजून एक धोका पत्करला तर ती हिंमत आणि दुसरा पत्करला तर गुन्हा, हे कसे?

दुसरे उत्तर असे, की औषध अनैसर्गिक आहे. तेही तपासून पाहू. आपल्या मूत्रपिंडात एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक तयार होते. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात आणि स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो. हेच संप्रेरक मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी कृत्रिमरीत्या तयार होऊ लागले आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी बाजारात आले. सायकलपटूंनी ते उचलले. ईपीओ म्हणतात ते हेच. त्यावर १९९० साली बंदी आली. पण तांबड्या पेशी वाढवायचे इतरही मार्ग आहेत. उंच डोंगरावर जाऊन राहिले की त्या वाढतात. ते जमत नसेल तर घरातच कमी प्राणवायूच्या तंबूत झोपता येते. दोन्ही चालतात. फिनलंडचा स्कीपटू एरो मांतिरांता याच्या रक्तात तर जन्मजात जनुकीय बदलामुळे तांबड्या पेशी इतरांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. १९६४च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्याला दोन सुवर्णपदके मिळाली. निसर्गाने एकाला फुकट दिले ते दुसऱ्याने सुईने मिळवले तर बिघडले कुठे? निसर्ग न्यायी आहे असे मानायला काही आधार नाही, आणि जे नैसर्गिक ते नैतिक असे आपण इतर कुठल्याही व्यवहारात मानत नाही.

तिसरे उत्तर नियमाचे : नियम आहे, तो मोडला, म्हणून चूक. पण नियम माणसांनीच केले आहेत. ते बदलता येतात. २००४ साली ज्युलियन सावुलेस्कू या नीतितत्त्वज्ञाने आपल्या दोन सहकाऱ्यांसह एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात नेमके हेच सुचवले. औषधे खुली करा. तपासायचेच तर खेळाडूचे रक्त धोक्याच्या पातळीपलीकडे गेले आहे का एवढेच तपासा. पातळीच्या आत जो तो आपला मुखत्यार. चोरून घ्यावे लागते म्हणून धोका वाढतो, उघडपणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतले तर कमी होईल. आणि सगळ्यांना मुभा असली की लबाडी उरतच नाही.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टूर सात वेळा जिंकणारा लान्स आर्मस्ट्राँग याची बाजूही शेवटी हीच होती. कर्करोगातून उठून आलेला हा अमेरिकन १९९९ ते २००५ सलग जिंकत गेला. २०१२ साली अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याच्या अकरा माजी सहकाऱ्यांसह अनेकांच्या साक्षी उघड केल्या आणि त्याची सर्व विजेतेपदे गेली. जानेवारी २०१३ मध्ये दूरचित्रवाणीवर कबुली देताना त्याने जे सांगितले त्याचा आशय असा होता : लबाडी म्हणजे दुसऱ्याकडे नाही असा फायदा उठवणे, आणि मी तर सगळ्यांच्या बरोबरीने खेळत होतो. सगळेच घेत होते, मीही घेतले. मग अन्याय कोणावर झाला?

याचे एक उत्तर रक्तातच आहे. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती ते हिमॅटोक्रिट या आकड्याने कळते. पुरुषांत तो साधारण ४० ते ५० टक्के असतो. ईपीओ पकडणारी चाचणी तेव्हा नव्हती, म्हणून सायकलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९७ साली नियम केला की हा आकडा ५०च्या वर गेला तर सायकलपटूला पंधरा दिवस शर्यतीत उतरता येणार नाही. सावुलेस्कू यांच्या सूचनेसारखीच ही व्यवस्था होती. झाले काय, तर ५० ही मर्यादा न राहता परवानगी ठरली. आता ज्याचा आकडा मुळात ४१ आहे त्याला ५०पर्यंत जाताना केवढातरी फायदा मिळतो. ज्याचा मुळात ४८ आहे त्याला जवळजवळ काहीच मिळत नाही. कोणाचे शरीर औषधाला किती दाद देते हेही वेगळे. आणि कोणाकडे कोणता डॉक्टर आहे हे तर सर्वात वेगळे. आर्मस्ट्राँगने मिकेले फेरारी या इटालियन डॉक्टरला दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिल्याचे चौकशीत दिसून आले. साध्या सायकलपटूला हा डॉक्टर कुठून परवडणार? तेव्हा ‘सगळ्यांना सारखे मैदान’ हे बोलणे पोकळ आहे.

तरीही माझ्या मते हे मुख्य उत्तर नव्हे. घेणाऱ्या दोघांत कोणाला जास्त फायदा झाला हा त्यांचा आपसांतला हिशेब आहे. मुख्य प्रश्न ज्याला घ्यायचे नाही त्याचा आहे. ‘सगळे घेत होते’ या वाक्यात तो माणूस हिशेबातच धरलेला नाही.

आणि असा माणूस होता. क्रिस्तोफ बासों त्याचे नाव. तो फेस्टिना या संघात होता. ८ जुलै १९९८ रोजी टूर सुरू होण्याच्या तोंडावर या संघाची गाडी फ्रान्स-बेल्जियमच्या सरहद्दीवर अडवली गेली आणि तिच्यात ईपीओच्या दोनशेहून अधिक मात्रा व इतर औषधे सापडली. अख्खा संघ शर्यतीतून बाहेर काढला गेला. पोलिसांच्या चौकशीत सहकाऱ्यांनीच सांगितले की आमच्यात न घेणारा एकच, बासों. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संघातर्फे टूरमध्ये उतरला. १९९९ची शर्यत शुद्धीकरणाची शर्यत म्हणून गाजवली जात होती, पण तिचा सरासरी वेग आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त होता. बासों एका फ्रेंच वर्तमानपत्रात रोज लिहीत होता. जे दिसते आहे ते औषधाशिवाय शक्य नाही, एवढेच तो लिहीत होता. आल्प द्युएझच्या दिवशी चालत्या शर्यतीत आर्मस्ट्राँग त्याच्याजवळ आला आणि तू खेळाची बदनामी करतो आहेस, घरी जा, अशा अर्थाचे त्याला सुनावले. इतर सायकलपटू त्याच्याशी बोलेनासे झाले. त्याच्या स्वतःच्या संघातूनही आधार मिळाला नाही. दोन दिवसांनी त्याने टूर सोडली, २००१ साली व्यावसायिक शर्यती सोडल्या.

दुसरा फिलिपो सिमिओनी. या इटालियन सायकलपटूने डॉक्टर फेरारीविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली होती. २००४च्या टूरमध्ये एके दिवशी तो आघाडीच्या छोट्या गटाकडे निघाला. एकंदर क्रमवारीत तो इतका मागे होता की आर्मस्ट्राँगला त्याच्यापासून काडीचा धोका नव्हता. तरी पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे गेला. सिमिओनी मागे फिरेपर्यंत त्या गटालाही चैन पडू दिली नाही. परतताना त्याने ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. ती खूण सगळ्या जगाने पाहिली आणि कुणी काही केले नाही.

आता बंदी उठवणाऱ्यांच्या युक्तिवादाकडे परत या. ते म्हणतात, प्रौढ माणसाला त्याच्या शरीराचा निर्णय घेऊ द्या. स्वातंत्र्याचा मुद्दा आहे. मान्य. पण स्वातंत्र्यात ‘हो’ म्हणण्याबरोबर ‘नाही’ म्हणण्याचाही हक्क येतो, आणि पहिला हक्क खुला केला की दुसरा मरतो. टूरमध्ये दीड-दोनशे सायकलपटू असतात. त्यांतले नामवंत मोजके. बाकीचे बहुतेक आपल्या संघनायकासाठी वारा अडवणारे, पाण्याच्या बाटल्या आणून देणारे. त्यांना फ्रेंचमध्ये घरगडी अशाच अर्थाचा शब्द आहे. त्यांचे करार वर्षा-दोन वर्षांचे. घाटात मागे पडलात तर पुढच्या वर्षी करार नाही. ही माणसे सुई घेत होती ती कीर्तीसाठी नव्हे, नोकरी टिकवण्यासाठी. आर्मस्ट्राँगचा सहकारी टायलर हॅमिल्टन याने २०१२च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की औषधाविना शर्यत करण्याला त्यांच्या बोलीत ‘भाकरी आणि पाणी’ असे स्पॅनिश नाव होते. म्हणजे कैद्याचे जेवण. शुद्ध राहणे ही शिक्षा वाटावी अशी ती दुनिया होती.

कामगारांच्या चळवळीने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला आहे. आठ तासांच्या कामाचा कायदा कशासाठी लागतो? एखादा मजूर खुशीने बारा-चौदा तास राबायला तयार असेल तर त्याला अडवायचे कारण काय? कारण एवढेच, की तो तयार झाला की शेजारच्याला आठ तासांनंतर घरी जाता येत नाही. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर बारा तासांची पाळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथे प्रत्येक जण आपल्या ‘मर्जीने’ बारा तास उभा असतो. ज्या मर्जीच्या मागे उपासमार उभी असते तिला मर्जी म्हणत नाहीत. कायदा ही मर्जी मोडतो ती मजुराला बांधून ठेवण्यासाठी नव्हे, त्याला घरी जाता यावे म्हणून. उत्तेजकांवरील बंदीचा खरा आधार हाच आहे असे मला वाटते. औषध अनैसर्गिक आहे किंवा खेळ पवित्र आहे म्हणून नव्हे, तर शरीर विकल्याशिवाय पोट भरता यावे म्हणून.

यावर एक रास्त आक्षेप आहे. हीच चढाओढ सरावातही असते. कोवळ्या वयाच्या मुलींना जिम्नॅस्टिक्ससाठी रोज सहा-सात तास वाकवले जाते, तीही एकाने केले म्हणून दुसऱ्याला करावी लागणारी गोष्ट आहे. मग तिथे बंदी का नाही? याचे प्रामाणिक उत्तर असे, की तिथेही मर्यादा हवी. वयाची अट काही प्रमाणात तेच करते. औषध आणि सराव यांच्यातली रेषा निसर्गाने आखलेली नाही, ती आपण आखायची आहे. एकदा हे मान्य केले की रेषा कुठे आखावी याचा कसही हाती येतो : ती ओलांडायला नकार देणाऱ्याचे काय होते?

बंदीलाही किंमत आहे, ती लपवून चालणार नाही. वरच्या पातळीवरील खेळाडूला रोज एक तास आपण कुठे असू हे आधी कळवावे लागते. तपासनीस पहाटे दार ठोठावू शकतो. त्याच्यासमोर नमुना द्यावा लागतो. चुकून पोटात गेले तरी जबाबदारी खेळाडूची. खुद्द बासोंवरच २०१२ साली एका हौशी माउंटन बाइक शर्यतीनंतर तपासणी चुकवल्याचा ठपका आला. त्याने ती शर्यत मध्येच सोडली होती. आधी एक वर्षाची बंदी आली, ती पुढे कमी करून एक महिन्यावर आणली गेली. ज्याने सगळ्या संघात एकट्याने नकार दिला त्याच्यावरच नियमाची काठी पडावी, याला काय म्हणावे? नियम आंधळा असतो, आणि तो खाली उभ्या असलेल्यालाच आधी लागतो.

इथे खरी गोम आहे. बंदीचा आधार जर मजुराचे रक्षण हा असेल, तर शिक्षा फक्त मजुरालाच कशी? पूर्व जर्मनीत १९७४पासून सरकारी योजनेने हजारो खेळाडूंना, त्यांत अल्पवयीन मुलींनाही, जीवनसत्त्वे म्हणून निळ्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या ओरल-ट्युरिनाबोल या स्टेरॉइडच्या होत्या. कित्येकींची शरीरे कायमची बिघडली. २००० साली बर्लिनमध्ये क्रीडा विभागाचा प्रमुख मान्फ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मान्फ्रेड ह्यॉप्नर दोषी ठरले, आणि दोघांनाही स्थगित कारावास झाला. म्हणजे एक दिवसही आत जावे लागले नाही.

आपल्याकडचे चित्रही काळजी वाटावी असेच आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या अहवालानुसार २०२३ साली भारतात ५,६०६ नमुने तपासले गेले, त्यांत २१३ सदोष निघाले. प्रमाण ३.८ टक्के, आणि इतक्या मोठ्या संख्येने तपासणी करणाऱ्या देशांत ते सर्वाधिक होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली राज्य मैदानी स्पर्धेत तपासनीस आल्याचे कळताच मैदान ओस पडू लागले, आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला. न आलेल्यांत कोण दोषी आणि कोण निर्दोष ते कुणी सांगू शकत नाही. पण ही मुले कुठून येतात ते आपल्याला ठाऊक आहे. रेल्वे, पोलीस, सैन्य यांतल्या खेळाडूंच्या जागा, महाराष्ट्रात सरकारी नोकरीतले पाच टक्के आरक्षण, हीच बहुतेकांची आशा असते. एका पदकावर घराचे भवितव्य टांगलेले असते. अशा मुलाला गावाकडच्या व्यायामशाळेत कुणी सुई पुढे केली तर त्याने नाही म्हणावे अशी अपेक्षा आपण करतो. त्या नकाराची किंमत मात्र त्याच्या एकट्याच्या माथी मारतो. पुरवणारा, टोचणारा आणि पदकाबरोबर स्वतःचा फोटो काढून घेणारा, या तिघांना हात लागेपर्यंत आपली बंदी अर्धीच आहे.

उत्तेजकांना उघड मुभा असलेल्या स्पर्धेची घोषणा २०२३ साली झाली, आणि २०२५मध्ये आयोजकांनी तिच्यासाठी लास वेगास हे ठिकाण जाहीर केले. ज्यांना घ्यायचे ते तिकडे जातील, इतरांना त्रास काय, असे विचारले जाते. मोठ्या, कमावत्या खेळाडूंपुरते हे एक वेळ खरे मानू. पण जिथे पैसा जास्त तिथे शिकाऊ मुले जातात, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचा प्रशिक्षक कोणत्या वाटेने नेईल हे तो मुलगा ठरवत नसतो.

टूरच्या विजेत्यांच्या यादीत १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे आज कोणाचेही नाव नाही. आर्मस्ट्राँगची पदे काढून घेतल्यावर ती दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला द्यावीत असा प्रघात, पण संघटनेने ती कोणालाच न देण्याचे ठरवले, कारण त्या काळातल्या शर्यतीवर संशयाचे सावट सगळीकडेच होते. या रिकाम्या ओळी पाहून लोकांना वाटते की त्या वर्षी स्वच्छ माणूसच नव्हता. स्वच्छ माणसे होती. त्यांतली काही मागच्या रांगेत राहिली, काहींना करार मिळाले नाहीत, एकाला चालत्या शर्यतीत घरी जायला सांगितले गेले. बासोंने पुढे फ्रान्सच्या क्रीडा खात्यात उत्तेजकविरोधी काम केले. तो टूर जिंकला असता असे कुणी म्हणणार नाही, तोही म्हणणार नाही. त्याचे मागणे जिंकण्याचे नव्हतेच. आपल्या कुवतीने जिथवर जाता येईल तिथवर जाऊ द्यावे आणि त्यापायी भाकरी हिसकावू नये, इतकेच ते होते. एवढे साधे मागणे ज्या व्यवसायात पुरे होत नाही, तिथल्या विक्रमांना टाळ्या वाजवताना आपण थोडे थांबायला हवे.